दिगंबरची खोटी बाटली

दिगंबर गेल्याचा फोन सुमतीने केला, तेव्हा मी तिला पहिल्यांदा काय विचारलं असेल, तर "तुला कोणी सांगितलं?" नवरा गेल्याचं सांगणाऱ्या बाईला कुणी असं विचारतं का? पण चाळीसेक वर्षं दिगंबरच्या संगतीत काढलेल्या माणसाच्या तोंडून दुसरं काही निघणं कठीण होतं. सुमती म्हणाली, "कोण सांगणार, नलूताई... मी इथेच उभी आहे त्यांच्याजवळ." दिगंबरच्या छातीत कळ आली तेव्हा डॉक्टरांनी तपासण्या करून लगेच दाखल व्हायला सांगितलं होतं. हा म्हणाला, एका रिपोर्टवर मी कशावरच विश्वास ठेवत नाही, तर माझ्या हृदयावर काय ठेवणार! आणि दुसरीकडे जाऊन त्याच तपासण्या पुन्हा करून आला. त्या संध्याकाळी घरात माणसं भरलेली असताना सुमती मला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि म्हणाली, "दुसऱ्या रिपोर्टची वाट बघत गेले हे." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिचा राग मला समजत होता, कारण मलाही तसाच आला होता. दुसरा रिपोर्ट नंतर आला. तो पहिल्यासारखाच होता.

आम्ही दोघंही इथलेच, कोलकात्यात जन्मलेले. त्याचे वडील हावड्याच्या एका लहानशा कारखान्यात फोरमन होते, माझे बँकेत. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की बंगाली, आणि दोन्हींची सरमिसळ झाली की आईचा ओरडा, असं आमचं बालपण. ओळख झाली ती मंडळाच्या गणपतीत. प्रसादाचा पेढा हातावर पडला की बाकीची मुलं तो तोंडात टाकायची, हा नाकाशी नेऊन वास घ्यायचा. मोठेपणी मासळीबाजारात तर त्याच्याबरोबर जायची सोय नव्हती. कल्ले उचलून बघायचा, अंगठ्याने दाबून बघायचा, डोळे बघायचा, आणि इतकं करून वर विचारायचा, हा नक्की आजचाच ना? नेहमीचा कोळी एकदा वैतागून म्हणाला होता, "दादा, माछ किनते एशेछेन, ना जेरा कोरते?" मासे घ्यायला आलात की उलटतपासणी घ्यायला? दिगंबरला त्याचं काही वाटलं नाही. दोन्ही, म्हणाला, आणि दुसरा मासा उचलून त्याचे कल्ले बघू लागला. त्याचा सगळ्या जगावर संशय आणि माझा त्याच्यावर, अशी आमची मैत्री.

रसायनशास्त्रात आम्ही एकाच सरांच्या हाताखाली संशोधन केलं. मी पुढे मुलींच्या कॉलेजात शिकवायला लागले, तो विद्यापीठात राहिला आणि आयुष्यभर एकाच गोष्टीच्या मागे लागला... डायझो संयुगं. ज्यांचा रसायनाशी संबंध शाळेतच संपला त्यांच्यासाठी सांगते. या संयुगांत कार्बनच्या एका अणूला नायट्रोजनची एक जोडी चिकटलेली असते, आणि ती कायम निसटायला टपलेली असते. ती सुटून गेली की मागे राहणारा कार्बन इतका अस्वस्थ असतो, की शेजारी जे सापडेल त्याला जाऊन बिलगतो. औषधं बनवणाऱ्यांना असा कार्बन फार उपयोगाचा, कारण त्याच्याकडून एरवी महाकठीण असलेले जोड करून घेता येतात. प्रश्न एवढाच की नायट्रोजनला सोडवायचं कसं. तापवावं तर कधी कधी स्फोट होतो. तांबं किंवा त्याहून कितीतरी महाग धातू घालावे, तर ते मागाहून औषधातून काढत बसावं लागतं. दिगंबरचं म्हणणं होतं की साध्या, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाने हे व्हायला हवं. डायझो रंगाने पिवळं असतं. काचेच्या फ्लास्कवर निळा उजेड टाकायचा आणि बघत बसायचं. जमलं तर सोडावॉटरसारखे बारीक बुडबुडे वर येतात आणि पिवळा रंग हळूहळू विरून जातो. हे पहिल्यांदा बघताना मीसुद्धा हरखले होते.

तरुणपणी त्याला एकदा वाटलं की जमलं. त्या वेळी हे निळे एलईडी नव्हते, तापणारे मोठे दिवे असायचे. एक फ्लास्क दिव्यासमोर, दुसरा तसाच फ्लास्क फॉइलमध्ये गुंडाळून कपाटात. दिव्यासमोरच्याचा रंग गेला, कपाटातला पिवळाच राहिला. उजेडात होतं, अंधारात होत नाही, आणखी काय हवं? स्वारी एका मोठ्या परिषदेत जाऊन हे दणक्यात सांगून आली. तिथे मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, तुम्ही फ्लास्कचं तापमान मोजलं होतं का? याने मोजलं नव्हतं. कोलकात्याचा मे महिना, खोलीत पंखा बंद, कारण पंख्याने फॉइल उडायचं, आणि वीतभर अंतरावर तो भट्टीसारखा दिवा! परत आल्यावर त्याने फ्लास्क बर्फाच्या पाण्यात ठेवून तोच दिवा लावला. दिवसभरात एक बुडबुडा आला नाही. सगळं काम उष्णतेने केलं होतं आणि नाव उजेडाचं झालं होतं. त्याने स्वतः पत्र लिहून आपलं म्हणणं मागे घेतलं. ते त्याला कोणी करायला लावलं नव्हतं, हे इथे मुद्दाम नोंदवते. पण त्यानंतर त्याच्या संशयाला जी धार आली, तिने आम्ही सगळेच कापले गेलो.

त्याची सर्वांत वाईट खोड म्हणजे खोटी बाटली. डायझो उजेडापासून आणि उष्णतेपासून जपावं लागतं, म्हणून ते तपकिरी बाटल्यांत, फ्रिजमध्ये असे. त्या फ्रिजला कुलूप, आणि किल्ली फक्त याच्याकडे. विद्यार्थ्यांना तो हाताने बाटली काढून द्यायचा आणि उरलेलं परत घ्यायचा. अधूनमधून त्या बाटलीत डायझो नसायचंच. दिसायला तसंच पिवळं, पण निव्वळ रंग घातलेलं निरुपद्रवी द्रावण. त्यातून काहीच घडणं शक्य नव्हतं. विद्यार्थ्याने येऊन काहीच झालं नाही म्हणून सांगितलं तर तो पास. छान झालं, अमुक इतकं मिळालं, असं सांगत आला तर दुसऱ्या दिवसापासून दिगंबर त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलायचा. हा खेळ त्याने सर्वांत आधी माझ्यावर केला होता, आम्ही दोघं विद्यार्थी असताना. मी काही झालं नाही म्हणून रडकुंडीला आले होते, आणि हा दुसऱ्या दिवशी संदेश मिठाईचा पुडा घेऊन हजर, "नलू, तू खरी निघालीस." मी तो पुडा त्याच्या हातात परत दिला आणि अख्खी दुर्गापूजा त्याच्याशी बोलले नाही. पुढेही मी त्याला सांगत राहिले, की हे माणसाला गळाला लावणं झालं. तो म्हणायचा, "मी माणसाला नाही तपासत गं, आकड्याला तपासतो." मला ते कधीच पटलं नाही. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात, पण तेवढ्यासाठी आता पटवून घेणार नाही.

गेल्या काही वर्षांत त्याच्याकडे सोहिनी नावाची मुलगी संशोधनाला होती. इथलीच बंगाली, बारीकशी, फार न बोलणारी. दिगंबर तिला घेऊन एस्प्लनेडजवळच्या विजेच्या सामानाच्या गल्लीत निळे दिवे आणायला गेला होता, ती हकिगत त्यानेच मला रंगवून सांगितली. दुकानदार शपथेवर सांगत होता की दिवा अस्सल निळा आहे. याने पिशवीतून एक जुनी सीडी काढली आणि तिच्यावर दिव्याचं प्रतिबिंब पाडून बघितलं. तिथे हिरवा, लाल, सगळे रंग दिसले. म्हणजे आत साधा पांढरा दिवा आणि वरून निळं प्लॅस्टिक. दुकानदार खजील झाला, पण दिगंबरला आनंद झाला तो वेगळाच. सीडी बाहेर काढायच्या आधीच सोहिनी त्याच्या कानाशी म्हणाली होती, "सर, हा खोटा वाटतो." ते सांगताना त्याचा चेहरा मुलीचं कौतुक करणाऱ्या बापासारखा झाला होता. ही पोरगी त्याच्या पंथातली निघणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

सोहिनीने जे साधलं ते असं. काही जातींची डायझो निळ्या उजेडाला दाद देत नाहीत. अशाच एका हट्टी डायझोला तिने फक्त निळ्या दिव्याखाली, कुठलाही धातू न घालता वळवलं. पंखा चालू, तापमान मोजलेलं, अंधारातला फ्लास्क जसाच्या तसा पिवळा. शोधनिबंध लिहून तयार होता. त्यावर तिची परदेशातली संशोधनाची जागा अवलंबून होती. आणि दिगंबर तो पाठवत नव्हता. आज काच बदल, उद्या द्रावण बदल, परवा दिवा बदल. मी त्याला फोनवर झापलं होतं, की पोरीचं वय जातंय, तुझ्या त्या मे महिन्याची शिक्षा तिला देऊ नकोस. तो म्हणाला, एकच राहिलंय, मग पाठवतो. काय राहिलंय ते त्याने सांगितलं नाही, मी रागाच्या भरात विचारलं नाही. तो आमचा शेवटचा फोन.

नंतरच्या दिवसांत घरी जे भेटायला येत, त्यांच्याकडे मी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बघत असे. एक जण दिगंबरला अजातशत्रू म्हणाला. दिगंबर आणि अजातशत्रू! याला नेमकं काय हवंय, याचा मी विचार करू लागले, आणि थोड्याच वेळात त्याने प्रयोगशाळेच्या रिकाम्या होणाऱ्या खोलीचा विषय काढला. विभागप्रमुख आले, फार गोड बोलले, आणि सोहिनीचा निबंध आता लगेच पाठवू, हीच सरांना श्रद्धांजली, म्हणाले. त्यांचंही नाव त्या निबंधावर होतं हे मला ठाऊक होतं. मग सोहिनी आली. सुमतीच्या पाया पडली, आणि निघताना हळूच म्हणाली, सरांच्या फ्रिजची किल्ली मिळेल का? माझे कान टवकारले. कशाला हवी? तर म्हणाली, सरांनी परत घेतलेली एक बाटली बघायची आहे. सुमतीने माझ्याकडे बघितलं, आणि मी म्हटलं, किल्ली माझ्याकडे राहील, मी बरोबर येईन. त्या फ्रिजमध्ये एकटीने हात घालायची तिला एवढी घाई का, या विचाराने मला चैन पडेना.

दिगंबरच्या खोलीत मी बऱ्याच वर्षांनी गेले. खिडकीला काळा पडदा, टेबलावर निळे दिवे, स्टुलावर त्याची चपटी झालेली उशी. सोहिनीने दार लावून घेतलं आणि जे सांगितलं ते बंगालीत, अडखळत. सर हॉस्पिटलच्या फेऱ्या करत होते तेव्हा त्यांनी तिला एक बाटली दिली आणि म्हणाले, एवढं एकदा करून दाखव, मग पाठवू. सोबत नव्या मॅग्नेटची डबी दिली. फ्लास्कमधलं द्रावण सतत ढवळत ठेवायला आत एक पांढरी गोळी फिरत असते, तिला आम्ही मॅग्नेट म्हणतो. तिने सगळं नेहमीसारखं केलं. रात्रभर दिवा लावून ठेवला. सकाळी फ्लास्क पिवळाधमक. उरलेली बाटली सरांनी परत घेतली तेव्हा तिने सांगितलं की अजून चालू आहे, कारण त्यांचा चेहरा बरा दिसत नव्हता. दुसऱ्या दिवशी सांगणार होती... तो दिवस आला नाही. त्यानंतर ती कोणाशीच बोलली नव्हती.

"खोटी बाटली असेल ना, नलिनीदी?" तिने विचारलं. इथल्या मुली शिक्षिकांना अशीच हाक मारतात.

आता माझ्या डोक्यात दोन गोष्टी होत्या, वाचणाऱ्याने त्या नीट ध्यानात घ्याव्यात. बाटली खोटी असेल, तर दिगंबरने जाता जाता तिचीही परीक्षा घेतली, आणि ती पास झाली. तिचा शोध शाबूत, निबंध जाणार, जागा मिळणार. बाटली खरी असेल, तर शोधातच काहीतरी चुकलंय. आणि माझा स्वभाव असा मेला, की तिसरीही गोष्ट होती. खोट्या बाटलीबद्दल त्या प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाला माहीत होतं. सर गेल्यावर, काही झालं नाही असं डोळे भरून सांगितलं, की आपोआपच सच्चेपणाचा शिक्का बसतो. मी तिच्या तोंडाकडे रोखून बघितलं. ती म्हणाली, किल्ली मिळाली असती तरी बाटली एकटीने तपासायचं धाडस मला झालं नसतं.

फ्रिज मी उघडला. बाटलीवर दिगंबरच्या अक्षरात फक्त तिचं नाव होतं. तपासणं अगदी सोपं. बाटलीतला थेंब इन्फ्रारेड यंत्रावर ठेवायचा. डायझो असेल तर आलेखात एका ठराविक जागी खोल दरी पडते. त्या जागी एरवी सहसा काही येत नाही, त्यामुळे फसायला वाव नाही. थेंब मीच ठेवला, तिला हात लावू दिला नाही. यंत्राने रेघ काढली, आणि त्या जागी ती इतकी खोल गेली की चष्मा पुसायचंही कारण राहिलं नाही. बाटली खरी होती. मी पुन्हा एक थेंब ठेवला. पुन्हा तेच.

आता ही रडेल, असं मला वाटलं. तिची जागा, तिची वर्षं, सगळं त्या दरीत गेलं होतं. ती यंत्राच्या पडद्याकडे बघत राहिली आणि फार हळू म्हणाली, "म्हणजे सरांनी माझी परीक्षा घेतलीच नाही?"

"नाही," मी म्हटलं. आयुष्यभर ज्याने मला, त्याच्या विद्यार्थ्यांना, कोळ्याला, डॉक्टरला, देवाच्या प्रसादालाही सोडलं नाही, त्याने या एका मुलीच्या हातात निमूटपणे खरी बाटली ठेवली होती. तिच्या शब्दावर निबंध पाठवायचा की नाही ते ठरवणार होता. आणि ते तिला कळलं ते अशा क्षणी, की त्याच बाटलीने तिचं काम खोटं ठरवलं. मला दिगंबरचा विलक्षण राग आला आणि त्याच वेळी त्याची इतकी आठवण झाली की मी त्याच्या उशीवर जाऊन बसले.

"एकच राहिलंय" म्हणजे काय, ते आधी सोहिनीच्याच ध्यानात आलं. तिने खणातून तिची नेहमीची जुनी मॅग्नेट काढली आणि दिव्याखाली धरली. पांढऱ्या वेष्टनावर बारीक चरे होते, त्यांत काळपट रेघा. तिच्या आधी कोणीतरी याच मॅग्नेट घेऊन तांब्याचे प्रयोग करत असे. त्याच बाटलीतलं द्रावण, तोच निळा दिवा, एका फ्लास्कमध्ये जुनी मॅग्नेट, दुसऱ्यात नवी. आम्ही दोघी समोर बसलो. थोड्या वेळाने जुन्या मॅग्नेटच्या फ्लास्कमध्ये एक बुडबुडा आला, मग त्याच्यामागून रांगच लागली. दुपारपर्यंत तो पाण्यासारखा झाला होता आणि शेजारचा पिवळाच. उजेड हवा हे खरं होतं, पण उजेड एकटा नव्हता. चऱ्यांत लपलेलं कणभर तांबं इतके दिवस गुपचूप मदत करत होतं. अंधारातल्या फ्लास्कमध्येही तशीच मॅग्नेट असायची, पण तिथे उजेड नव्हता, म्हणून कोणाला शंका आली नाही. दिगंबरला आली. मी मनातल्या मनात त्याला म्हटलं, आता बस वर मिश्या पिळत.

विभागप्रमुखांना सोहिनीने स्वतः जाऊन सांगितलं. मी दाराबाहेर उभी राहिले, कारण ती नक्की काय सांगते ते मला ऐकायचं होतं. तिने काही लपवलं नाही. त्यांनी सुचवून बघितलं, की नव्या मॅग्नेटचा प्रयोग सर आजारी असतानाचा, घाईतला, तो नाही धरला तरी चालेल. ती म्हणाली, चालणार नाही. निबंध मागे ठेवला गेला. परदेशच्या जागेचं काय होणार ते मला ठाऊक नाही. तिने तिकडेही खरं ते कळवलंय आणि उत्तराची वाट बघतेय. सुमतीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तिच्यावर ठेवला ना विश्वास? मग डॉक्टरवर ठेवायला काय झालं होतं त्यांना..." आणि दिगंबर गेल्यापासून पहिल्यांदा रडली. मी तिच्याजवळ बसून राहिले.

सोहिनीने आता सगळं पहिल्यापासून करायला घेतलंय, नव्या मॅग्नेटने, मोजून घातलेल्या तांब्याच्या कणाने. तिला पुढे नेणारं दुसरं कोणी नाही, म्हणून दर आठवड्याला मी जाते. फ्रिजमधून बाटली मी काढून देते आणि उरलेली परत घेते. गेल्या वेळी काम आवरून ती दाराशी घुटमळली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "नलिनीदी, या बाटल्यांत मधे कुठेतरी एक खोटी ठेवाल? मला न सांगता." मी म्हटलं, सरांनी नाही ठेवली आणि मी ठेवू? ती म्हणाली, "सर मला ओळखत होते. तुम्ही अजून नाही."

मी ठेवली आहे. कुठली ते इथे लिहीत नाही. सोहिनीला मराठी येत नाही, पण या शहरात तिला हे वाचून दाखवणारं कोणी भेटणार नाही याची मला खात्री नाही.